हलकी काया, भक्कम कणा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडपात येताना प्रवेशद्वाराशी उभी असलेली लाल रंगाची छोटी मोटार आपण सर्वांनी पाहिली असेल. सकाळपासून मला किमान वीस जणांनी विचारले, की ही कोणत्या कंपनीची? ती कोणत्याही कंपनीची नाही. तिचा सांगाडा आणि विजेची मोटर एका भंगारात निघालेल्या ई-रिक्षाची आहे, आणि तिची काया आपल्या नववीच्या सहा विद्यार्थ्यांनी शाळेच्या मागील कार्यशाळेत फोममधून कोरलेली आहे. आज हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा मी घ्यावा अशी अपेक्षा होती. तो आढावा या स्मरणिकेत इतरत्र आलेलाच आहे. मी मात्र या एका गाडीविषयीच बोलणार आहे, कारण शाळेविषयी मला जे सांगायचे आहे ते तिच्यातच सामावलेले आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. मी मराठीची शिक्षिका. यंत्रशास्त्रातले मला जे काही कळते ते गेल्या आठ महिन्यांत विद्यार्थ्यांकडून शिकलेले. दुसरी कबुली अधिक अवघड आहे. ज्या कार्यशाळेत ही गाडी घडली ती पाडून तेथे डिजिटल वर्ग उभारावा, हा प्रस्ताव गेल्या जूनमध्ये संस्थेपुढे मीच मांडला होता, आणि तो मंजूरही झाला होता. पत्र्याचे गळके छप्पर, मोडके रंधे, गंजलेले शेगडे. वर्षातून दोनदा साप निघाला म्हणून तेवढ्यापुरते उघडले जाणारे दार. शाळेच्या अंगावरचे ते निरुपयोगी ओझे आहे, असे माझे प्रामाणिक मत होते.

त्याच महिन्यात ही मुले माझ्याकडे आली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विजेवर चालणारी मोटार करायची म्हणाली. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या गॅरेजमधला ई-रिक्षाचा सांगाडा द्यायचे कबूल केले होते. कार्यशाळा पडायला अजून अवकाश होता, म्हणून मी परवानगी दिली. पालकांपैकी काहींनी तेव्हाच नाराजी कळवली. दहावी तोंडावर असताना हे उद्योग कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. आणि खरे सांगायचे तर तो माझ्याही मनात होता.

मुलांचा पहिला विचार पत्र्याची बॉडी करण्याचा होता. गणिताच्या शिक्षकांनी त्यांना आधी हिशेब करायला बसवले. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा पावणेआठ किलोंच्या वर भरतो. गाडीच्या कायेला सुमारे आठ चौरस मीटर पत्रा लागणार. म्हणजे नुसता पत्राच साठ किलोंच्या पुढे. पत्रा थरथरू नये म्हणून आत अँगलची चौकट हवी. ती धरून वजन शंभराच्या घरात गेले. त्यात ई-रिक्षाच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकी तीसेक किलोंच्या. या चारही बॅटऱ्या पूर्ण भरल्या तर त्यांत पावणेपाच युनिटांच्या आसपास वीज मावते, आणि बॅटरी टिकवायची असेल तर तीही शेवटपर्यंत उपसायची नसते. याउलट एक लिटर पेट्रोलमध्ये, म्हणजे पाऊण किलो वजनात, सुमारे नऊ युनिटांइतकी ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवते हे खरे. तरीही अंतर फार मोठे उरते. म्हणून पेट्रोलच्या गाडीला जडपणाची चैन परवडते, विजेच्या गाडीला ती परवडत नाही. तिचा शिधाच जड आहे. त्यामुळे बाकीचे अंग हलके ठेवणे तिला भाग असते.

येथे मला आपल्याच भागातील एका माणसाचे स्मरण होते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच झाले होते. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार करण्याच्या ध्यासाने त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७०च्या दशकापर्यंत ‘मीरा’ नावाच्या गाडीचे एकामागून एक नमुने स्वतः घडवले. ती कारखान्यातून बाहेर पडली नाही, पण रस्त्यावर धावली. पुढे २००१ मध्ये बंगळुरूत ‘रेवा’ ही विजेची छोटी मोटार बाजारात आली. पोलादी चौकटीवर प्लास्टिकची काया आणि ४८ व्होल्टच्या शिशाच्या बॅटऱ्या, अशी तिची रचना होती. आमच्या मुलांच्या गाडीचा दाबही तेवढाच, ४८ व्होल्ट. अलीकडे, २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये पुण्याच्या एका नवोदित कंपनीने ‘इव्हा’ नावाची, छपरावर सौरपट्ट्या असलेली छोटी गाडी मांडली. या सर्वांपुढे मूळ प्रश्न एकच होता. चार माणसे, किंवा दोनच, वाहून नेण्यासाठी किती वजन खरोखर आवश्यक आहे?

मुलांनी पत्रा सोडला आणि थर्मोकोल धरला. घरगुती विमाने करणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळींची पद्धत त्यांनी वाचली होती. बर्ट रुटन या अभियंत्याने १९७०च्या दशकात ती रूढ केली. फोमचा गाभा हव्या त्या आकारात कापायचा, त्यावर काचेचे कापड अंथरायचे आणि रेझिनने ते घट्ट करायचे. साचा करण्याची गरजच नाही. वाचायला सोपे. मुलांनी वर्गणी काढून बाजारातून फायबरच्या टाक्यांना वापरतात ते नेहमीचे रेझिन आणले, थर्मोकोलच्या तुकड्यावर ब्रशने लावले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो तुकडा विरघळून गेला. उष्णता नाही, ज्योत नाही. साखर पाण्यात जावी तसा थर्मोकोल रेझिनमध्ये गेला. वर्गणीचे पैसेही गेले.

कारण नंतर कळले. त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचा द्राव असतो, आणि थर्मोकोल हा स्टायरीनचाच बनलेला असल्याने त्यात विरघळतो. एपॉक्सी रेझिन वापरले तर तो टिकतो, परंतु एपॉक्सीची किंमत मुलांच्या आवाक्याबाहेरची. पुस्तकात हे सारे असतेच. परंतु ज्याच्या हाताखाली तुकडा नाहीसा होतो त्याला ते आयुष्यभर विसरता येत नाही.

या अपयशामुळे मुले ज्या माणसाकडे गेली, त्यांच्याविषयी मला आदराने बोलायचे आहे. नाव घेऊ नये अशी त्यांनी मला गळ घातली आहे. ते आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी. आठवीत शाळा सोडलेले. पंधरा-सोळा वर्षे त्यांनी गणपतीची मखरे केली. तापलेल्या तारेने थर्मोकोल कापून ते महिरपी, मोर, कमळे, गाभाऱ्याच्या कमानी असे काही कोरत, की संगमरवराचा भास व्हावा. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी आणली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी म्हणून व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले. ती मिळाली नाही. बंदी योग्यच होती, हे विसर्जनानंतरची नदी पाहिलेल्या कोणालाही मान्य व्हावे. ते स्वतःही तसेच म्हणतात. पण योग्य निर्णयाचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते. त्यांची विद्या एका हंगामात निकामी झाली. पुढे त्यांनी फायबरचे काम शिकून घेतले आणि आता ते मंगल कार्यालयांच्या कमानी व मूर्ती करून देतात.

मुले त्यांच्याकडे गेली तेव्हा ते आधी मनसोक्त हसले, आणि मग म्हणाले, “शाळेत मला कोणी बोलावले नाही आजवर. बाई चालू देतील का, विचारून या.” माझ्यापर्यंत हा निरोप आला तेव्हा मला वाईट वाटले. वार्षिक पारितोषिक वितरणासाठी आपण दरवर्षी पाहुणे शोधतो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला आपण काही मागावे, हे मला कधी सुचलेच नव्हते.

त्यांनी पहिला धडा दिला तो पदार्थ ओळखण्याचा. आपल्या भागात बेदाण्याची शीतगृहे पुष्कळ. त्यांच्या भिंतींत घालतात त्या पिवळट, दाट फोमच्या पाट्यांचे उरलेले तुकडे त्यांनी मिळवून आणले. हा फोम जातीने वेगळा, पॉलियुरेथेनचा. टाकीच्या रेझिनने तो विरघळत नाही. मात्र तो तापलेल्या तारेने कापायचा नाही, कारण जळताना त्यातून विषारी वायू निघतात. ज्या हत्यारावर त्यांचे आयुष्य गेले तेच त्यांनी बाजूला ठेवले आणि करवत, कानस व पॉलिश पेपर हाती घेतला.

मुलांनी एकास दहा या प्रमाणात आराखडा काढला होता. त्यावरून दर तीस सेंटिमीटरवरचे आडवे छेद पुठ्ठ्यात कापले, पाट्या एकावर एक चिकटवून ठोकळे केले, पुठ्ठे दोन बाजूंना टाचले आणि दोन्हींना टेकवून करवत चालवली. त्यानंतर कानस, त्यानंतर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर. एका मुलाला गाडीचे नाक शार्क माशासारखे हवे होते. विज्ञानाच्या बाईंनी त्याला दाखवून दिले, की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी वीस किलोमीटरला तो फार मोठा नसतो, तेथे खरा शत्रू वजन आणि चाकांचे घर्षण हाच. नाक तरीही राहिले, कारण ते सुंदर होते. पण ते कशासाठी आहे याविषयी त्याचा गैरसमज राहिला नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही हे पाहायला मुले मोजपट्टी घेऊन धावत. तेव्हा काका म्हणाले, “आधी डोळे मिटा आणि दोन्हीकडून तळवा फिरवा. डोळा फसतो, तळवा फसत नाही.” मीही तो तळवा फिरवून पाहिला. जो उंचवटा मला दिसत नव्हता, तो हाताला लागला.

इतका मऊ पदार्थ गाडीची काया कसा होऊ शकतो, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले. त्याचे उत्तर शेतात आहे. आपल्यापैकी जे खेड्यात वाढले त्यांनी लहानपणी ज्वारीच्या ताटांची बैलगाडी केली असेल. ताटाची साल सोलून काड्या करायच्या आणि आतली पांढरी भेंड तोडून तिचे चाक, तिचा बैल. भेंड नखाने दाबली तर दबते; साल एकटी घेतली तर वाकते. दोन्ही एकत्र असतात तेव्हा तेच ताट डोक्यावर कणसाचे ओझे घेऊन वाऱ्यात उभे राहते. भेंडीचे काम भार उचलण्याचे नसते. दोन बाजूंच्या साली एकमेकींपासून दूर धरून ठेवण्याचे असते. फोमचे तेच. बाहेरून काचेच्या मॅटचे दोन थर, आतून एक. मध्ये पाच सेंटिमीटर फोम. पूर्ण झालेली काया आम्ही बाजार समितीच्या काट्यावर ठेवली. ५४ किलो भरली. पत्र्याच्या अंदाजाच्या जवळजवळ निम्मी. काटेवाल्याने विश्वास न बसून पुन्हा वजन केले.

पण हे पुढचे झाले. त्याआधी सप्टेंबरमध्ये एक प्रसंग घडला, आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मधल्या सुटीत कोणीतरी फोमचे तुकडे कार्यशाळेमागे पेटवून पाहिले. दाट काळा धूर उठला, दोन मुलांना ठसका लागून उलट्या झाल्या. ती लगेच सावरली, पण मी हादरले. त्याच दिवशी कार्यशाळेला कुलूप घातले आणि हा प्रकल्प थांबल्याचे मुलांना सांगितले. काका येऊन दाराशी उभे राहिले, कुलपाकडे पाहून काही न बोलता परत गेले. पालकांनी माझ्या निर्णयाचे स्वागत केले. प्रस्तावाप्रमाणे दिवाळीनंतर शेड पडणारच होती.

त्याच पंधरवड्यात माझे वडील गेले. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. ते सुतार होते, बैलगाड्या करणारे. अस्थी काशीला न्याव्यात ही त्यांची इच्छा होती, म्हणून दिवाळीच्या सुटीत मी व माझे बंधू वाराणसीला गेलो. मंगल प्रसंगी स्मशानाचा उल्लेख करते आहे, याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. पण काशीत तो अमंगल मानत नाहीत.

स्थानकावरून आम्ही ई-रिक्षानेच निघालो. चौकापुढे तीही थांबली. मणिकर्णिकेच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तेथे वाहन जात नाही. माणूस तेथे खांद्यावरूनच नेला जातो. दोन बांबू आणि आडव्या कामट्या, एवढीच ती रचना. जन्मभर आबांच्या हाताखाली लाकूड पाहिलेले असल्याने माझ्या मनात आले, की पोकळ बांबू याच कामाला का निवडला असेल? कारण वाहणाऱ्यावर वाहनाचेच ओझे पडता कामा नये. घाटावर आलो. लाकडांचे डोंगरासारखे ढीग, नावांतून उतरणारे ओंडके, आणि भलेमोठे तराजू. मणिकर्णिकेवर लाकूड तोलून देतात. माणूस कोण होता हे तेथे कोणी विचारत नाही; लाकूड किती लागेल एवढेच विचारतात.

हा घाट आपल्यालाही परका नाही. अहिल्यादेवी होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. काशीत जन्मलेल्या मोरोपंत तांब्यांच्या कन्येचे, पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचे, मूळ नावही मणिकर्णिकाच. घाटाला लागूनच रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते सरळसरळ कललेले आहे आणि त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतो. पलीकडे शिंदे घाट. एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो बांधवला. दगडी काम इतके अवजड झाले की ते स्वतःच्याच भाराने खचले. आज आपण पाहतो त्या पायऱ्या नंतरच्या. नावाड्याने हे सांगितले तेव्हा मला कुलपाआडची ती फोमची काया आठवली. मुले जो हिशेब महिनाभर करत होती, तो या घाटाच्या बांधकामाला चुकला होता.

अस्थी विसर्जित करून नाव वळली. पायऱ्यांच्या एका टोकाला दुरुस्तीसाठी काढलेली नाव पालथी घातली होती. एक वृद्ध नावाडी फळ्यांच्या फटींत सूत ठोकत होता आणि दहा-बारा वर्षांचा एक मुलगा न सांगता एकेक हत्यार त्याच्या हातात देत होता. तो शाळेत जातो का, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. पण त्या मुलाकडे पाहताना मला एक गोष्ट लख्ख उमगली. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवतात. ती मुद्दाम चाकापेक्षा थोडी आखूड करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. ती आवळली जाते आणि आरे, तुंबा सारे एकजीव होते. धाव नेमकी किती आखूड ठेवायची? फार आखूड ठेवली तर आरे मोडतात, थोडी सैल राहिली तर महिन्यात निखळते. आबांना ते ठाऊक होते. मी त्यांची थोरली मुलगी. एम.ए. झाले, बी.एड. झाले, मुख्याध्यापिका झाले, आणि पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना एकदाही विचारला नाही. आता विचारायला कोणी उरले नव्हते.

आबा गाडी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करताना म्हणत, “साटी हलकी ठेवलीय, कण्याला हात लावला नाही.” गाडी जड झाली तर बैलाची मान जाते, पण हलकेपणाच्या नादात कणा बारीक केला तर गाडीच जाते. काय कमी करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ओळखणे म्हणजेच त्यांची सारी विद्या होती. मी शाळेचे ओझे कमी करायला निघाले होते, आणि कुऱ्हाड कण्यावर ठेवली होती.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी काकांच्या घरी गेले आणि त्यांची क्षमा मागितली. मग कुलूप काढले. पण अटी घालून. धूर उठला होता तो कुलपाने मिटणार नव्हता, शिस्तीने मिटणार होता. फोमचा कण न् कण मोजून पोत्यात. काम करताना नाकाला मास्क, हातात मोजे, दारे-खिडक्या उघड्या. हार्डनर आणि कोबाल्ट ही रेझिनमध्ये घालायची दोन द्रव्ये कधीही एकत्र ओतायची नाहीत, त्यांचा भडका उडतो. म्हणून ती काकांनी दोन वेगळ्या कपाटांत ठेवली आणि ओतण्याचे काम स्वतःकडे घेतले. बॅटऱ्यांची पेटी पत्र्याची, वायू बाहेर जायला जाळी. फ्यूज, आणि एका झटक्यात वीज तोडणारा लाल खटका. भार सारा पोलादी सांगाड्यावर. फोमवर काहीही टेकवायचे नाही. चालकाच्या मागे लोखंडी पाइपची कमान, गाडी उलटलीच तर डोके वाचावे म्हणून.

आणि शेवटची अट मुलांना सर्वांत कडू वाटली: गाडी सार्वजनिक रस्त्यावर जाणार नाही. हीरक महोत्सवाच्या शोभायात्रेत ती पुढे असावी अशी त्यांची फार इच्छा होती. मी नाही म्हटले. रस्त्यावर जाणाऱ्या वाहनाची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेत व्हावी लागते, त्याची नोंदणी व्हावी लागते. हा नुसता कागदी सोपस्कार नाही. धडक बसली तर फोमची ही काया माणसाला वाचवू शकत नाही, हे सत्य त्या नियमामागे आहे. एक मुलगा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी येऊन म्हणाला, “बाई, पाच सेंटिमीटर फोम धडकेत किती दबतो याचा हिशेब केला. तुमचे बरोबर आहे.” मला माझ्या नोकरीतले हे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र वाटते.

जानेवारीत गाडी मैदानावर धावली. तालुक्याच्या प्रदर्शनात तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, पहिले नव्हे. परीक्षकांनी विचारलेल्या प्रत्येक ‘का’ला मुलांपाशी उत्तर होते. मात्र एका ‘का’ला नव्हते. गाडी निकामी झाल्यावर या फोमचे आणि काचेच्या मॅटचे काय करणार? ते कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही, जाळायचे तर नाहीच. बांबूची तिरडी राख होते. आमची गाडी होणार नाही. पुढच्या वर्षीच्या तुकडीपुढे हा प्रश्न मी ठेवला आहे. बांबूच्या कामट्यांची काया करून पाहू, असे दोघी मुली आताच म्हणत आहेत.

पालकहो, आपल्या मनातील प्रश्न मी टाळत नाही. गुणांचे काय? सहापैकी दोघांचे गुण सहामाहीत घसरले होते. वर्षअखेर कसून तयारी करून घेण्याची जबाबदारी आम्ही उचलली आहे. पण हात आणि बुद्धी यांची ताटातूट करून शिक्षण पुरे होत नाही, हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकणे हीच तेथील पद्धत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकू द्यावे, असे म्हटले आहे. आपल्या गावातले कारागीर आहेत, तोवरच हे होऊ शकते.

संस्थेच्या कार्यकारिणीचे मी जाहीर आभार मानते, की त्यांनी माझाच प्रस्ताव मला मागे घेऊ दिला. डिजिटल वर्ग होणारच आहे, पण तो वरच्या मजल्यावर. कार्यशाळेचे छप्पर बदलले आहे. दारावर कोनशिला लावलेली नाही. आत भिंतीवर एक फळा आहे. माजी विद्यार्थ्यांनो, त्या फळ्यावर मला आपली नावे हवी आहेत. देणगीचे आवाहन हे नव्हे. महिन्यातला एक शनिवार, दोन तास, एवढेच मागते. आपल्यापैकी कोणी वायरमन आहे, कोणी शिवणकाम करते, कोणी गवंडी आहे, कोणी मोठ्या कारखान्यात अभियंता आहे. कोणाला आपण शाळेत बोलावण्याजोगे झालो नाही असे वाटत असेल, तर ती चूक शाळेची होती. ती आज मी या व्यासपीठावरून दुरुस्त करते. काकांचे नाव फळ्यावर पहिले आहे. तेवढी परवानगी त्यांनी दिली.

आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांना एक विनंती. आज घरी गेल्यावर त्यांच्या हातांना जे ठाऊक आहे त्यातले एक तरी विचारून घ्या. लोणच्याचे मीठ असो, बांधाचा उतार असो, की धावेचे माप असो. उत्तर मिळाले की लिहून ठेवा, आणि जमलेच तर आपल्या शाळेच्या त्या शेडमध्ये येऊन मुलांना दाखवा.

साठ वर्षांच्या या शाळेला पुढचा पल्ला लांबचा गाठायचा आहे. तिची काया आपण अवश्य हलकी करू. अनावश्यक फॉर्म, अनावश्यक समारंभ, माझ्यासारख्यांची लांब भाषणेसुद्धा कमी करू. कण्याला मात्र हात लावणार नाही.

मेळावा संपल्यावर मुले मैदानावर गाडी चालवून दाखवणार आहेत. एका वेळी दोघांनाच बसता येईल. कृपया रांग धरावी, आणि बसण्यापूर्वी डोळे मिटून त्या शार्कच्या नाकावरून एकदा तळवा फिरवावा.